ऐकलं की पुसायचं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, शिवणयंत्राच्या झाकणाला टेकून असतो. माझ्याविषयी पुष्कळांचा असा समज असतो की मी केवळ वाजवणारा. तो खरा नाही. माझ्या अंगावर पाच काळी बटणे आहेत आणि एक लाल. काळी ऐकवण्यासाठी, लाल ऐकण्यासाठी. माझ्या पोटात फितीला टेकणारे दोन लहान, चकचकीत तुकडे आहेत. दुरुस्ती करणारे त्यांना हेड म्हणतात. त्यांतले एक पुसते आणि दुसरे लिहिते. पुसणारे आधी येते. लाल बटण दाबले की फीत प्रथम त्याच्यापुढून जाते आणि कोरी होऊन लिहिणाऱ्याकडे पोहोचते. नवे ऐकायचे तर जुने विसरायचे, अशीच माझी घडण आहे. ती मी मागून घेतलेली नाही.

माझा जन्म एका लांबलचक दालनात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसून माझ्यासारख्यांच्या पोटात तारा जोडत होत्या. त्यांनी मला घडवताना एक शहाणपणा केला. लाल बटण एकटे दाबले जात नाही, शेजारचे काळेही सोबत दाबावे लागते. शिवाय कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची इवलीशी खिटी असते. ती मोडून टाकली की माझे लाल बटण खाली जातच नाही, मग त्या कॅसेटवरचे कोणालाही पुसता येत नाही. माणसाच्या हातून चूक होऊ नये म्हणून एवढी सोय पुरेशी आहे, असे त्या दालनातल्या लोकांना वाटले असावे.

मला विकत घेतले ताईने. ती छापखान्यात कामाला होती, आणि तिचे काम मोठ्याने वाचण्याचे होते. मुद्रितशोधक छापून आलेला कच्चा कागद पुढ्यात घेऊन बसत आणि ताई त्यांना मूळ हस्तलिखित वाचून दाखवी. नुसते शब्द नव्हेत, त्यातली चिन्हेसुद्धा. "दिवस मावळला स्वल्पविराम आणि ती उठली पूर्णविराम नवा परिच्छेद." आठ तास असे वाचून आल्यावर तिच्या साध्या बोलण्यातही ती चिन्हे शिरत.

"मावशी, चहा, प्रश्नचिन्ह?" असे म्हणत ती दारातून आत येई.

"चहा, पूर्णविराम. आणि आधी पाय धू," मावशी म्हणे.

घरात मावशी, ताई आणि तिचा धाकटा भाऊ अशी तीन माणसे होती. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे मावशीनेच दोघांना वाढवले होते. धाकटा पुढे जहाजावर फिटर म्हणून लागला. वर्षातून एकदा घरी येई आणि येताना दूरदूरच्या बंदरांतून परक्या गाण्यांच्या कॅसेटी आणी. पॉप, आणि ज्याला सोल म्हणतात ते. ताईला ती परकी भाषा पुस्तकातून येत होती, गाण्यातून तिला ती पुन्हा शिकावी लागली. मावशीला मात्र त्यातले काही म्हणजे काही रुचत नसे.

"ही बाई गातेय की कोणी तिचे केस ओढतंय?" ती स्वयंपाकघरातून विचारी.

"ओढतंय ना. जन्मभर ओढतंय. म्हणून तर असं गाते," ताई म्हणे.

भावंडांनी एकमेकांना पत्रे कधी लिहिली नाहीत. दोन कॅसेटी घेतल्या आणि त्या पोस्टाने फिरत ठेवल्या. ताई माझ्यासमोर बसून बोले, मध्येच तिला आवडलेले गाणे शेजारच्या जुन्या तबकडीयंत्रावरून नाहीतर रेडिओवरून भरी, आणि ते का आवडले हे सांगे. धाकटा ती कॅसेट ऐके आणि तिच्यावरच आपले उत्तर भरून परत पाठवी. त्यांचा नियम एकच होता: ऐकलं की पुसायचं. तो ताईनेच घातला होता. एकदा धाकट्याने तिचे बोलणे जपून ठेवायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा तिने उत्तरात त्याला झाडले. "अरे ठोंब्या, जपायचं कशाला? मी काय मेलेय? पुसून टाक आणि नवं पाठव." ते वाक्य माझ्यातूनच गेले. नंतर तेही पुसले गेले.

ती वर्षे माझ्या आयुष्यातली उत्तम वर्षे. शेजारीपाजारी माझे कौतुक करीत, माझ्यावर भरतकामाचे आच्छादन होते आणि रविवारची दुपार माझी असे. गाण्यांवर ताईसारखे बोलणारे माणूस मी दुसरे ऐकले नाही. ती आवाजाकडे छापखान्याच्या नजरेने बघे. एका लाल वेष्टनाच्या संग्रहात मुख्य गायिकेच्या मागे तीन बायका नुसत्या 'हो, हो' म्हणत असत. त्यांची नावे वेष्टनावर मुंगीएवढ्या टायपात छापली होती, आणि त्यांतल्या एकीच्या नावात अक्षर उलटे पडले होते. "सबंध संग्रह या तिघींनी खांद्यावर उचललाय," ताई म्हणाली होती, "आणि बिचारीचं नावसुद्धा कोणी तपासलं नाही." त्या दिवसापासून ती ते गाणे लावताना तिघींची नावे मोठ्याने वाचून मगच बटण दाबी.

मग तिचा आवाज बसू लागला. प्रथम कोणी मनावर घेतले नाही. ज्याचे पोट आवाजावर, त्याचा घसा बसायचाच. पण एके दिवशी मुद्रितशोधकच तिला म्हणाले, "बाई, वाक्य एकीकडे चाललंय आणि तुमचा आवाज दुसरीकडे. डॉक्टरांना दाखवा बघू." ताईने दाखवले. चार-पाच खेपा झाल्या. शेवटच्या खेपेहून आल्यावर ती चपला न काढता खुर्चीवर बसली आणि तिने मावशीला जे सांगितले ते मी ऐकले. घशात वाईट गाठ होती, स्वरयंत्रच काढावे लागणार होते. जीव राहील, आवाज राहणार नाही.

मावशीने तोंडाला पदर लावला. मग तिने विचारले, "धाकट्याला काय कळवायचं?"

"काही नाही. गाठ काढणार आहेत, एवढंच. तो समुद्रात आहे, मावशी. त्याला ना उतरता येणार, ना झोपता येणार. आल्यावर मी सांगेन."

"सांगशील कशी?" असे मावशीच्या तोंडून निघून गेले.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी ताईने खिडक्या लावल्या, मावशीला भांडी घासू नकोस म्हणून बजावले आणि नव्वद मिनिटांची नवी कॅसेट माझ्यात घातली. "मला माझा आवाज ठेवायचा आहे," ती मावशीला म्हणाली. "पण नुसतं बसून काय बोलू? वर्तमानपत्र वाचू? त्यापेक्षा गाण्यांवर बोलते. तसं बोलताना मी बरी असते."

खरोखरच ती बरी होती. घोगरी, पण बरी. कोऱ्या हवेशी बोलणे तिला जमेना, म्हणून सवयीने ती धाकट्याशीच बोलू लागली. "ऐक रे ठोंब्या. आज माझी सगळ्यांत आवडती गाणी, कारणांसहित, अपूर्णविराम." मग एकेक गाणे आणि एकेक कारण.

पहिले एका बाईचे होते. शब्द सुरू होण्याआधी ती श्वास घेते आणि तो श्वास ऐकू येतो. "हा त्यांना कापता आला असता," ताई म्हणाली. "कोणीतरी शहाणा माणूस तिथे बसला असणार, त्याने हात आवरला. मला गाण्यापेक्षा त्या माणसाला भेटायची इच्छा आहे." दुसरे एक नाचाचे, उथळ, सगळीकडे वाजून वाजून चोथा झालेले गाणे. "हे फालतू आहे, मला ठाऊक आहे. यमकं तर इतकी वाईट की मुद्रितशोधकांनी लाल पेन मोडलं असतं. पण इस्त्री करताना याच्याइतकं सोबतीला काही नाही. माणसाने सगळंच उच्च का ऐकावं?" तिसरे एका आंधळेपणाने प्रेम करणाऱ्या माणसाचे, शेवटी विरत विरत जाणारे. यावर ती जवळजवळ चिडली. "हे गाणं संपत नाही, नुसतं लांब जातं. गाणाऱ्याने गायचं थांबवलंय की नाही तेच कळत नाही. मी लहानपणी कान लावून बसायची, अजून आहे का, अजून आहे का. माणसाने पूर्णविराम द्यावा रे."

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिने एक गाणे स्वतः म्हटले. बेसूर नव्हते, बेताचे होते. वरची जागा आली तेव्हा आवाज फाटला, आणि ती हसून पुढे गेली.

शेवटची चार मिनिटे तिने कोरी ठेवली. "इथे सकाळी काहीतरी नीट बोलेन," असे म्हणून तिने कॅसेट बाहेर काढली, पाठीवरच्या खिटीवर नख ठेवले, आणि मग, अजून भरायचे आहे म्हणून, तशीच परत माझ्यात सरकवली.

सकाळी ती आली. मला पुढे ओढले. लाल आणि काळ्या बटणांवर दोन बोटे ठेवून बसली. बाहेर मावशी पिशवी भरत होती. ताईने बोटे उचलली, पुन्हा ठेवली. "सुचत नाही," ती म्हणाली. माझ्यासमोर ती बोलली ते हे शेवटचे शब्द. बटणे दाबलेली नव्हती.

मित्रांनो, यापुढे जे घडले त्यात वाईट माणूस कोणीही नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणूस सापडला असता तर मला बरे वाटले असते.

शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी धाकटा आला. जहाज अचानक दुरुस्तीला लागल्यामुळे त्याला सुटी मिळाली होती. तो सरळ रुग्णालयात गेला. ताई गळ्याला पट्ट्या बांधून पडली होती. त्याला बघून ती रडली आणि हसली. मावशीने दारातच त्याच्या कानात सांगितले होते, "गाठ काढलीय. काही दिवस बोलायचं नाही तिने." जे ठरले होते तेवढेच ती बोलली. घरी आणून, जेवू घालून, मग सगळे सांगावे असा तिचा हिशेब होता. ते सांगणे तिने त्या दिवशी उद्यावर टाकले आणि दुसऱ्या दिवशी परवावर.

घरी धाकट्याला माझ्यात ती कॅसेट मिळाली. आपल्याच नावाने हाक मारून सुरू होणारी, नेहमीसारखी. तो जमिनीवर आडवा पडून दोन्ही बाजू ऐकत राहिला. मुद्रितशोधकांच्या लाल पेनाला तो इतक्या मोठ्याने हसला की मावशी बघायला आली. ताई गात होती तेव्हा तो उठून बसला. "मावशी, ऐकलंस? आपल्या ताईने रियाज सोडून फार उपकार केलेत जगावर!" त्याच्या बोलण्यात थट्टा होती, पण त्याने ती जागा तीनदा ऐकली.

मावशी त्या वेळी दारात उभी होती. कॅसेटवर ताईचा आवाज आहे हे तिला माहीत होते. कॅसेटवरचे पुसता येते हे तिला माहीत नव्हते. यंत्रांना तिने आयुष्यात हात लावला नव्हता, आणि भावंडांच्या त्या नियमाकडे तिने कधी लक्ष दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने माझे झाकण उघडले. तो फिटर होता, त्याचा हात यंत्राला हळुवार लागे. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून त्याने माझी दोन्ही हेड पुसली. किती वर्षांची घाण निघाली. काम करायला मी इतका निर्मळ कधीच नव्हतो. जे हेड पुसते, तेसुद्धा. मळलेल्या हेडाने कदाचित तिचा आवाज थोडासा मागे सोडला असता, एखादी सावली. त्या दिवशी मी काहीही सोडले नाही.

ताई घरी येईल तेव्हा तिला बोलता येणार नाही, पण ऐकता तर येईल, असा त्याचा विचार होता. तिच्या प्रत्येक गाण्याला तो आपल्या गाण्याने उत्तर देणार होता. येताना आणलेले आपले नवे यंत्र तारेने मला जोडून, त्याने दोन बटणे एकदम दाबली. खिटी जागेवर होती. बटण खाली गेले.

"ताई, ऐक," तो म्हणाला, आणि त्याआधीच तिचे 'ऐक रे ठोंब्या' कोरे होऊन गेले. "तू म्हणतेस विरत जाणारी गाणी तुला आवडत नाहीत. मला आवडतात. बंदर सोडताना डेकवर उभं राहिलं की सगळं तसंच जातं. दिवे, माणसं. कोणी थांबवत नाही, आपणच लांब जातो." चांगले बोलत होता तो. त्याने आणलेली गाणीही चांगली होती. मी निमूटपणे त्याचे एकेक वाक्य लिहून घेतले आणि त्या प्रत्येक वाक्याआधी तिचे एकेक पुसले. थांबण्याचे बटण माझ्या अंगावर आहे, माझ्या हातात नाही.

ताई घरी आली त्या दुपारी मावशीने दार उघडले. ताईच्या गळ्यावर पांढरा रुमाल होता आणि हातात पाटी. ती थेट माझ्यापाशी आली. चपला काढल्या होत्या की नाही आठवत नाही. कॅसेट सुरुवातीला आणली आणि बटण दाबले.

"ताई, ऐक," मी धाकट्याच्या आवाजात म्हणालो.

मग तिने फीत पुढे सरकवली. धाकटा. आणखी पुढे. गाणे. तिने कॅसेट काढून उलटी घातली. धाकटा हसत होता. तो स्वतः मागे उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, बक्षिसाची वाट बघणाऱ्या मुलासारखा.

"कशी वाटली?"

ताईने पाटीवर लिहिले: छान.

"नुसतं छान? तुझा आवाज आला की सविस्तर ऐकणार आहे मी. कधी येणार म्हणाले डॉक्टर?"

ताईने मावशीकडे बघितले. मावशीने खाली बघितले. ताईने 'छान' पुसले आणि त्या जागी लिहिले: नाही येणार.

त्याला उमगायला वेळ लागला. त्याने पाटी वाचली, तिच्या गळ्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत माझ्याकडे तसे कोणी पाहिले नव्हते. "म्हणजे ती कॅसेट…" एवढेच तो म्हणाला. ताईने घाईघाईने काहीतरी लिहिले, 'नियम माझाच होता' असे काहीतरी, पण त्याने ते वाचले नाही. तो माझ्यासमोर खाली बसला आणि बटणे दाबत सुटला. पुढे, मागे, पुढे. जणू मी कुठेतरी लपवून ठेवले होते.

तो मला तीन दुरुस्तीवाल्यांकडे घेऊन गेला. पहिला हसला. दुसऱ्याने कॅसेट उजेडात धरून बघितली, डॉक्टर बघतो तशी. तिसरा म्हातारा होता, त्याने कारण विचारले, ऐकून घेतले आणि चष्मा काढून ठेवला. "बाळ, हेड कोणी साफ केली होती?"

"मी."

"फार सुंदर साफ केलीस रे," तो म्हणाला. आणि त्याने कॅसेट धाकट्याच्या हातात परत ठेवली.

एवढे मात्र झाले की दुसऱ्या बाजूला, धाकट्याचे शेवटचे गाणे जिथे संपले आणि ताईने राखलेली कोरी चार मिनिटे जिथे सुरू होत, त्या दोहोंमध्ये थोडी फीत वाचली होती. अकरा सेकंद. त्यात खोकला आहे, पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आहे, आणि मग ताई म्हणते, "हं. कुठे होते मी?"

बाकी काही नाही.

धाकटा दर सुटीला येऊन ती अकरा सेकंद ऐके. आधी दारे लावी. ताई ते ऐकायला कधी बसली नाही, पण शेजारच्या खोलीतला तिच्या मुद्रितांचा सळसळाट त्या वेळी थांबे. आता ती स्वतःच मुद्रितशोधक झाली होती, घरी बसून डोळ्यांनी तपासत असे. मी माझ्या परीने ती फीत जपली. पण माझे रबर कडक झाले होते, पट्टा सैल पडला होता, आणि चौथ्या सुटीला, 'कुठे' आणि 'होते' यांच्या मध्ये, मी ती कॅसेट खाल्ली. फीत माझ्या चाकांत गुंडाळली गेली. धाकट्याने पेन्सिलीने, चिमट्याने, श्वास रोखून ती सोडवली. चुरगळलेल्या पट्टीतून पुन्हा वाजवले तेव्हा पाण्याखालून आल्यासारखे काहीतरी उमटले, आणि फीत तुटली.

तो ओरडला नाही. मला आपटलेही नाही. ताई दारात आली आणि तिने पाटीवर लिहून त्याच्यापुढे धरले: "बरं झालं. दर वर्षी कुठे होते मी, कुठे होते मी! लोकांना वाटेल हरवलेय." तिचे खांदे हसण्याने हलत होते. तो मात्र हसला नाही. त्यानंतर तो सुटीला आला तरी गाणी आणत नाही. घरात संगीत असे कोणी लावत नाही. मावशीच एकदा म्हणाली, "ती केस ओढणारी बाई तरी लावा रे कोणी." कोणी उठले नाही.

मित्रांनो, या ठिकाणी मी म्हणायला हवे की जुन्या वस्तू जपा, त्यांची निगा राखा. मला तसे म्हणवत नाही. माझी निगा चांगली राखली गेली होती. तशी राखल्यामुळेच जे झाले ते पूर्णपणे झाले. मला एवढेच विनवायचे आहे की जे जपायचे असेल, ते जपायचे आहे असे मोठ्याने सांगा. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून झाकून ठेवू नका, आपले माणूस आहे, कळेल त्याला, असे धरून चालू नका. आणि खिटी त्याच वेळी मोडा. सकाळी मोडू म्हणू नका.

माझा पट्टा आता वितळून डांबरासारखा चिकट झाला आहे. तसा मिळत नाही, आणि मिळाला तरी माझ्याकडे वाजवण्यासारखे काही उरलेले नाही. ती काय काय म्हणाली, ते मी तुम्हाला सांगितले, अगदी स्वल्पविरामांसकट. कसे म्हणाली, ते मला सांगता येत नाही.